जादू कुणाची, करणी कुणाची?

एका जिल्ह्याच्या गावी कविसंमेलन होतं. मला वीस मिनिटं दिली होती, मी अठरा मिनिटांत आटपलं. शेवटची कविता आजीवरची वाचली. खाली बसलो, तर अध्यक्ष उठले. निवृत्त प्राध्यापक, समीक्षक, दोन-तीन पुस्तकं नावावर. म्हणाले, ‘यांच्या शब्दांत काय जादू आहे! ही देणगी उपजत असते, शिकून येत नाही.’ टाळ्या पडल्या. आपल्या पोरांनीही वाजवल्या. मीही हात जोडले. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरं वाटलं.

रात्री एस्टीत मात्र डोळ्याला डोळा लागेना. ज्या आजीवर मी कविता वाचली, तिला गावानं याच आरोपावरून देशोधडीला लावलं होतं. आणि नातवानं ते लिहिलं, तर त्यालाही बक्षीस म्हणून तोच शब्द. जादू.

आणखी एक गोष्ट खटकली. हेच गृहस्थ दुपारी मर्ढेकरांवर अर्धा तास बोलले होते. ओवी-अभंगाचा छंद त्यांनी कसा मोडला-जोडला, यंत्रयुगाच्या प्रतिमा कुठून आणल्या, एकेक शब्द चिमट्यात धरून दाखवला. चांगलं बोलले, मी वहीत टिपून घेतलं. माझ्या वेळी चिमटा खिशात गेला. ती कविता मी अकरा वेळा लिहिलीय. चौथ्या खर्ड्यात आजी बोलत होती, सातव्यात तिला गप्प केली, कारण ती खरोखरच गप्प होती. आठव्यात बापाची बोली आणली. याला मेहनत म्हणतात, राव. पण आमची मेहनत दिसत नाही. आम्ही म्हणे जन्मतःच कळवळून गातो, कोकिळेसारखे.

आता आजीचं सांगतो. आमचं गाव साताऱ्याकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. आजी सुईण. महारवाड्यातली, मांगवाड्यातली आणि वेळप्रसंगी मराठ्यांच्या वाड्यातलीही बाळंतपणं तिच्या हातची. वाड्यात मागच्या दारानं जायची, बाळ झालं की ओटी बाहेरूनच. आजा लवकर गेला. ओढ्याकाठी आमचा हाडकीहाडोळ्याचा तुकडा होता, दीड एकर. महारवतनाच्या गुलामीतून सोडवा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. वतन खालसा झालं ते १९५८ च्या कायद्यानं. मग ती जमीन सरकारात ठरलेली रक्कम भरली की पुन्हा आपल्या नावावर मिळायची होती. आजीनं रक्कम भरली. कुठून आणली, देव जाणे. चुकलो, आजी जाणे.

ओढ्याला पाणी होतं. शेजारचा बांध ज्याचा, त्याला तो तुकडा हवा होता. आजी नाही म्हणाली. पुढच्याच वर्षी त्याच्या घरातलं तान्हं पोर गेलं. हगवणीनं गेलं असेल, तापानं गेलं असेल. त्या साली पोरं मरतच होती, आमच्या वाड्यातलीही दोन गेली. त्यांनी देवऋषी आणला. देवऋषानं तांदूळ टाकले, कौल लावला आणि बोट दाखवलं महारवाड्याकडं. ‘म्हातारीनं करणी केली.’ चार दिवस विहिरीवरून, दुकानातून, पिठाच्या गिरणीतून आम्हाला हाकललं. पाचव्या रात्री दाराशी दगड आले. वडील सांगायचे, ‘आये काय बोललीच न्हाय. गाडगी-मडकी बांधली आन् म्हनली, चला.’ मुंबईला आलो ते नायगावच्या चाळीत, एका खोलीत नऊ माणसं. मी ‘आलो’ म्हणतोय, पण माझा जन्म तिथलाच, पुढचा. ओढ्याकाठी आता ऊस आहे. आमचा नाही.

म्हणून मला ‘करणी’ हा शब्द उलगडून बघावासा वाटला. मूळचा साधा शब्द. करणं, कृती. करणी आणि कथनी असं आपण म्हणतोच. आणि म्हण बघा, ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’. देवाच्या करणीचं कौतुक होतं. म्हातारीच्या करणीला दगड पडतात. करणी करणारा बदलला की अर्थ फिरला. आता याच कुटुंबातले बाकीचे शब्द दोन ढिगांत टाकून बघा, पोरांनो. लीला, सिद्धी, साक्षात्कार, कृपा, मंत्र, अंगारा, हा एक ढीग. चेटूक, करणी, मूठ, भानामती, उतारा, जादूटोणा, हा दुसरा. दोन्हीकडं काम एकच चाललंय: पुटपुटणं, राख लावणं, न दिसणाऱ्या गोष्टीची भीती नाहीतर आशा दाखवणं. पण पहिल्या ढिगातल्या माणसाला आपण महाराज म्हणतो, दुसऱ्या ढिगातल्या बाईला चेटकीण. चमत्कार तिथे नमस्कार ही म्हणसुद्धा पुरी नाही. चमत्कार कुणाचा ते बघून नमस्कार होतो.

हे आजकालचं नाही. ‘जादू’ हा फारसी शब्द, आणि वेदातला ‘यातु’ त्याचा सख्खा भाऊ. यातु करणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, एकशेचाराव्या सूक्तात, खुद्द वसिष्ठ कळवळून सांगतो की मी यातुधान असेन तर आजच मरेन, आणि मला खोटंनाटं यातुधान म्हणणाऱ्याचं घर बुडो. म्हणजे हा आरोप ऋषीवरही झाला होता! फरक एवढाच की वसिष्ठाचा नकार सूक्तात बसला आणि तीन हजार वर्षं पाठ झाला. माझ्या आजीचा नकार पोलीस पाटलाच्या वहीतसुद्धा नाही.

आणि मनू. त्याच्या नवव्या अध्यायात अभिचार करणाऱ्याला, म्हणजे मंत्रानं दुसऱ्याचा घात करू पाहणाऱ्याला, दोनशे पण दंड सांगितलाय. अकराव्यात अभिचार उपपातकांच्या यादीत आहे. वाटतं, चला, एक तरी बरी गोष्ट लिहिली. पण त्याच अकराव्या अध्यायात थोडं आधी बघा. ब्राह्मणानं राजाकडं तक्रार घेऊन जायची गरज नाही, अथर्व-अंगिरसांचे मंत्र त्यानं बेधडक वापरावेत, वाणी हेच त्याचं शस्त्र, तिनं त्यानं शत्रू मारावेत. एकाच पुस्तकात एकाला दंड, दुसऱ्याला परवाना. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं, तेव्हा त्यातली ही पानंही जळाली. गावात मात्र ती अजून पाठ आहेत. पुस्तक न वाचताच.

आता गावाकडून शहरातल्या रस्त्यावर या. गारुडी, मदारी, डोंबारी. मूठभर मातीतून नाणं काढणारा, टोपलीखाली पोरगं झाकून गायब करणारा. ही जादू कुणी करणी मानत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, हातचलाखी आहे. हीच हातचलाखी तिकीट लावून, कोट घालून, पडदा ओढून थेटरात केली की तिला कला म्हणतात. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी परदेशातही प्रयोग केले, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. माझा प्रश्न टोपलीवाल्याचा आहे. मुंबईच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यानं गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, यांच्या निमित्तानं रस्त्यावर पैसे घेणंसुद्धा भीकच धरलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कुठं निघाला, त्यातले कितीतरी जण सात वर्षांत असे भिकारी ठरले. बोटांत कसब तेच. भटक्याविमुक्तांत काम करणाऱ्या आपल्या साथींनी यावर लिहायला पाहिजे. मी ओझरतं सांगतोय.

मूळ विषय आपला, साहित्याचा. हल्ली समीक्षेत एक शब्द वरचेवर येतो, ‘जादुई वास्तववाद’. दलित कथेत भूत आलं, अंगात आलं, मेलेली माय बोलली, की लाव शिक्का. हा शब्द मुळात चित्रकलेचा. फ्रान्झ रोह नावाच्या जर्मन टीकाकारानं १९२५ साली वापरला. तिथून तो लॅटिन अमेरिकेत गेला, मार्केझच्या १९६७ च्या ‘एकशे वर्षांचा एकांत’ या अर्थाच्या कादंबरीवर बसला, आणि तिथून आमच्या वळचणीला आला. मी त्याच्यावर रागावलेला नाही. पण त्या कादंबरीत सगळ्यात मोठी जादू कोणती? उडणारी पोरगी नव्हे. केळीच्या मळ्यातल्या संपकऱ्यांवर लष्कर गोळ्या घालतं, प्रेतं आगगाडीत भरून नेतात, आणि दुसऱ्या दिवशी सरकार सांगतं की कुणी मेलंच नाही. वाचलेला एक माणूस सांगत फिरतो, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. कोलंबियात अशी कत्तल १९२८ साली खरोखर झाली होती. माणसं मारून ती गायब करणं ही राज्यकर्त्यांची हातचलाखी आहे, लेखकानं ती फक्त उघडी केली.

आम्हाला हे समजायला कोलंबिया कशाला पाहिजे? २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं खून मानला, शिक्षा दिल्या. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू होत नाही म्हणून ठरवलं. प्रेतं होती, आरोपी होते, गाव होतं. जात तेवढी टोपलीखालून गायब. यावर कुणी गोष्ट लिहिली आणि तिला ‘जादुई’ म्हटलं तर मी ते कौतुक परत पाठवीन.

मग टीका कशी करावी? १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर काही आपल्या वस्तीतले नव्हते. पण कवितेतले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी कबूल केलं, कवीला विचारलं, त्याच्याबरोबर ती वस्ती हिंडून पाहिली. त्यांच्या सगळ्या म्हणण्याशी मी सहमत होईन असं नाही. पण त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला. जादू आहे म्हणून हात झटकले नाहीत. अर्थ विचारणं ही समीक्षेची पहिली पायरी, आणि बहुतेकांचं पायताण तिथंच अडतं.

दुसरं उदाहरण आतलं देतो. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, १९८६. त्यात आषाढ आहे, पोतराज आहे, बायांच्या अंगात येणं आहे. बेबीताई त्या बायांना हसत नाहीत. आणि ‘आमची संस्कृती’ म्हणून त्याची आरतीही करत नाहीत. ती भूक, ते अज्ञान, तो सासुरवास, सगळं जवळून सांगतात. वर्षभर जिला कुणी माणसात मोजलं नाही, तिच्या अंगात आलं की घडीभर सगळा वाडा तिच्या पाया पडतो. पुढं काय ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. आपल्यातल्या काही नव्या कवींनी मध्यंतरी उलटं धोरण धरलंय: आम्ही चेटकीण, आम्ही भानामती, आमची काळी जादू तुमच्या वेदांना पुरून उरेल, वगैरे. ऐकायला दणका बसतो. शिवीला दागिना करायचा हा डाव मला कळतो. पण दोस्तहो, ती कविता शहरातल्या सभागृहात म्हणून तुम्ही जेवायला जाता, आणि गावात एखाद्या म्हातारीच्या दारात लिंबू-बिब्बा सापडतो तेव्हा तिला तो दागिना घालता येत नाही. माझ्या आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला चेटकीण करू नका, माझा तुकडा द्या.

आता घरच्यांना कडू लागेल असं बोलतो. ‘बाबासाहेबांच्या नावात जादू आहे.’ हे वाक्य आपण पोस्टरवर लिहितो, भाषणात फेकतो. मीही फेकलंय. एका घरात मी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं नारळ फोडलेला पाहिला, पोरीच्या परीक्षेसाठी. घरमालकीण म्हणाली, ‘लई जागृत हाय.’ काय बोलणार? मी चहा प्यायलो आणि आलो. ते चूक झालं, बोलायला पाहिजे होतं. घटना समितीत ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितलेलं आहे की मसुदा समितीवर सात जण नेमले. एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक आपल्या संस्थानाच्या कारभारात, कुणी दिल्लीपासून लांब, आणि ओझं आलं ते डॉ. आंबेडकरांवर. मधुमेहानं गांजलेला माणूस रात्र रात्र बसत होता. त्याला जादू म्हटलं की रात्री गेल्या, पुस्तकं गेली, दुखणारे पाय गेले. उरला एक फोटो, नारळ फोडायला. अध्यक्ष महाराजांनी माझ्या अकरा खर्ड्यांचं केलं, तेच आपण बापाच्या आयुष्याचं करतोय. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले होते. ते भाषण कॅडर कॅम्पात वाचून घ्या.

बुद्धाकडं लोक हीच मागणी घेऊन गेले होते. दीघनिकायात केवट्ट सुत्त आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ म्हणतो, भगवान, गाव मोठं आहे, भरभराटीचं आहे, एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, लोक आणखी श्रद्धा ठेवतील. आजच्या भाषेत, सभेला गर्दी होईल. बुद्ध नकार देतो. आणि कारण फार व्यवहारी देतो: आज भिक्खू हवेत उडाला, तर विश्वास नसलेला माणूस म्हणेल, ही तर गांधारी विद्या. मनातलं ओळखलं, तर म्हणेल, ही मणिका विद्या. म्हणजे ज्याला तुम्ही चमत्कार म्हणाल त्यालाच दुसरा जादू म्हणेल. भांडण नावाचं होईल, माणूस होता तिथंच राहील. म्हणून बुद्धाला एकच चमत्कार पसंत आहे, उपदेशाचा. असा विचार करा, असा करू नका, हे सोडा, हे धरा. दुसरी गोष्ट विनयपिटकातली. राजगृहात एका श्रीमंतानं चंदनाचं पात्र उंच टांगून ठेवलं, ज्याच्यात ताकद असेल त्यानं घ्यावं म्हणून. पिंडोल भारद्वाज उडून घेऊन आला. लोक मागं धावले. बुद्धानं त्याला झापलं, भिक्खूंनी गृहस्थांपुढं असली करामत दाखवायची नाही असा नियम केला, आणि पात्र फोडून त्याची भुकटी करायला लावली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ सालच्या ग्रंथात अलौकिकावरचा विश्वास हा अधम्म म्हणून बाबासाहेबांनी वेगळा मांडलाय, तो याच वाटेनं.

कायद्याचंही माहीत असू द्या. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला. त्यांनी वर्षानुवर्षं ज्यासाठी रान उठवलं तो कायदा आधी वटहुकूम म्हणून आणि मग त्याच वर्षी विधिमंडळात झाला. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, अजामीनपात्र. नावातच ‘जादूटोणा’ आहे. मात्र हयात नसलेल्या संतांच्या चमत्कारांचा प्रचार, वास्तुशास्त्राचा आणि जोतिषाचा सल्ला, यांना त्यानं सोडून दिलंय. म्हणजे दोन ढीग इथंही आहेत. तरी कायदा मोलाचा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. आणि हे बऱ्याच कार्यकर्त्यांना ठाऊक नसतं: ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं नवं कलम आलं, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. दलित-आदिवासी व्यक्तीला चेटकीण ठरवून, जादूटोण्याचा आळ घेऊन शारीरिक इजा किंवा मानसिक त्रास देणं हा त्याखाली गुन्हा आहे. फिर्याद लिहून घेताना दोन्ही कायदे लावायला सांगा. आणि आळ घेणाऱ्याच्या शेताची, बांधाची, विहिरीची चौकशी करा. देवऋषाचे तांदूळ बहुतेक वेळा एखाद्या सर्व्हे नंबरावरच पडतात.

अध्यक्षांना मी पत्र लिहिलं. शिव्या दिल्या नाहीत. कवितेतल्या तिसऱ्या कडव्यात बोली का बदलते ते तुम्हाला कसं वाटलं, एवढंच विचारलं. उत्तर आलेलं नाही.

वडील १९८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडले ते पडलेच. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद सापडला. वतनाची रक्कम भरल्याची सरकारी पावती, १९६० ची. त्यावर जुना सर्व्हे नंबर आहे. जमीन पुढं कुणाच्या नावावर कशी गेली, हे बघायला फेरफाराची नक्कल पाहिजे. अर्ज लिहून ठेवलाय, पुढच्या महिन्यात तालुक्याला जातोय. तलाठी म्हणाला, जुनं दप्तर आहे, वेळ लागेल. पावतीच्या तळाला आजीचा अंगठा आहे. शाई विटलीय, रेघा दिसतात.